गिरासे म्हणजे कोण?

माझं आडनाव गिरासे. शहाद्यात, दोंडाईच्यात किंवा शिंदखेड्याच्या एस.टी. स्टँडवर हे सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "कोणत्या गावचे?" पुण्यात सांगितलं की विचारतो, "काय म्हणालात?" मग मी पुन्हा सांगतो. मग तो म्हणतो, "गिरमे का?" किंवा "गोरसे?" एका बँकेतल्या मुलीने इंग्रजी स्पेलिंग वाचून मला 'मिस्टर गिरेज' अशी हाक मारली होती. मी उठलोच नाही. दोन नंबर पुढे गेल्यावर लक्षात आलं की ते गिरेज म्हणजे आपणच.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण गेल्या वर्षी थोरल्याने पुण्याहून फोन करून सांगितलं, "आबा, मी आडनाव बदलून घेतोय. राजपत्रात देतो. सिसोदिया लावणार." त्याच्या बाजूने त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. त्याच्या कंपनीत राजस्थानकडचे लोक आहेत. हा म्हणतो आम्ही राजपूत, तर ते विचारतात, गिरासे हे कुठलं कुळ? आम्ही तर कधी ऐकलं नाही. मुलगी लग्नाची होत आली. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर कुळांची यादी येते त्यात राठोड आहे, चौहान आहे, सिसोदिया आहे, गिरासे नाही. शेवटी त्याने खरं कारण सांगितलं. "आबा, मी नेटवर शोधलं. गिरासिया म्हणजे लुटारू असं लिहिलंय. ते नाव पोरीच्या पाठीमागे कशाला?"

मी एवढंच म्हटलं, "मला थोडा वेळ दे." बाप म्हणून नाही, मास्तर म्हणून म्हटलं. चाळीस वर्षांच्या आसपास मुलांना मराठी शिकवलं, आणि आपल्याच नावाचा अर्थ कधी नीट पाहिला नाही हे मला टोचलं. वडील सांगायचे, आपण मेवाडातून आलो, बस्. सगळ्याच गिराशांच्या घरी हीच गोष्ट सांगतात. चितोड पडलं, मग इकडे आलो. कोणत्या पिढीत, कोणाबरोबर, कोणत्या वाटेने, ते कोणी सांगत नाही.

मग वाचायला बसलो. माझं इंग्रजी बेताचं. पदवी मराठी माध्यमातली, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचावं लागतं. पण वाचलं, आणि थोरल्याने नेटवर वाचलेलं खोटं नाही हे आधी मान्य करायला हवं.

मूळ शब्द संस्कृत 'ग्रास', म्हणजे घास. राजाच्या किंवा ठाकुराच्या घरात थोरल्या मुलाला गादी मिळायची. धाकट्यांचं काय? त्यांच्या पोटापाण्यासाठी काही गावं, काही जमीन तोडून द्यायची. तो त्यांचा घास. गुजरातेत त्याला 'गरास' म्हणतात, आपल्याकडे 'गिरास'. ज्याला गिरास मिळाला तो गरासिया, गिरासदार, गिरासा. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५६ साली 'रासमाला' हा गुजरातच्या इतिहासावरचा ग्रंथ काढला. तो म्हणतो की हा शब्द त्याही आधी देवाधर्मासाठी दिलेल्या जमिनीला लावत असत. म्हणजे सुरुवात चांगली आहे. देवाचा घास, मग धाकट्या भावाचा घास.

पुढे बिघडलं. मोगल सत्ता ढासळली, मराठ्यांच्या फौजा गुजरात-माळव्यात फिरू लागल्या, गावं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. ज्यांच्या जमिनी गेल्या ते डोंगरात शिरले आणि जुन्या गावांना सांगू लागले की आमचा घास आम्हाला पोचवा, नाहीतर पीक घरी नेऊ देणार नाही. गाव बिचारं पैसे देऊन मोकळं व्हायचं. जो आपल्याला लुटू शकतो त्यालाच राखणीचे पैसे द्यायचे. याला आज काय म्हणतात ते सांगायला नको. फोर्ब्सनेच लिहून ठेवलंय की मुळात मानाची असलेली ही पदवी शेवटी शेवटी दरोडेखोर या अर्थाची शिवी झाली. १८८६ साली हॉब्सन-जॉब्सन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला, त्यात ही नोंद फोर्ब्सच्या आधाराने गेली. आणि तिथून ती नेटवर. थोरल्याने वाचलं ते हेच.

पण त्याने अर्धंच वाचलं. पेशवाई बुडाल्यावर, १८१८च्या सुमारास, कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न आला की या गिरासवाल्यांचं करायचं काय. माळव्यात सर जॉन माल्कमने काय केलं पाहा. ही नुसती लूट असती तर त्याने ती बंद केली असती आणि माणसं फासावर दिली असती. त्याने तसं केलं नाही. त्याने हिशेब मांडला. कोणाचा कोणत्या गावावर किती हक्क, ते ठरवलं. गिराशाने स्वतः घोड्यावर बसून वसुलीला जायचं नाही, सरकार ती रक्कम त्याला पोचवील, असा करार केला. गुजरातेत तर याच्यासाठी कायदाच झाला, १८८७चा 'तोडा गिरास' भत्त्यांचा कायदा. लुटारूच्या हप्त्यासाठी सरकार कायदा करत नाही. सरकारने तो वंशपरंपरागत हक्क मानला म्हणूनच तो कागदावर आला.

आता तो हक्क होता की जबरदस्ती? माझं मत विचाराल तर दोन्ही. घेणाऱ्याच्या दृष्टीने हक्क आणि देणाऱ्या कुणब्याच्या दृष्टीने जबरदस्ती. आमच्या गावच्या म्हाताऱ्या कुणब्यांनी मला लहानपणी 'दरबार' म्हणून हाक मारली, त्या हाकेत दोन्ही होतं असं आता वाटतं. तेव्हा मी नुसताच फुगायचो.

आपल्या मराठीत आकारान्त पुल्लिंगी शब्दाचं अनेकवचन एकारान्त होतं: घोडा-घोडे, राजा मात्र राजेच. आदरार्थी पण तेच. गिरासा आला असं कोण म्हणेल? गिरासे आले. तोच आदरार्थी 'ए' नावाला कायमचा चिकटला. हे माझ्या मनाला फार पटलं, कारण हाच प्रकार मी चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेताना पाहत होतो आणि कधी ध्यानात घेतला नव्हता. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडच्या मुलांचं आडनाव वसावे. नर्मदा ओलांडा किंवा सागबारा-डेडियापाड्याकडे उतरा, तेच लोक, तीच बोली, तीच होळी, आणि आडनाव वसावा. गुजरातीत आदर दाखवायचा तर पुढे 'भाई' लावतात, त्यामुळे 'वा'चा 'वे' करायची त्यांना गरज पडली नाही. भरूचचे खासदार मनसुखभाई वसावा, आणि इकडे आमच्या हायस्कूलच्या हजेरीपटावर दर वर्गात दहा-बारा वसावे. तसंच गावित आणि गामीत. नवापूरचे माणिकराव गावित नंदुरबारमधून लोकसभेवर नऊ वेळा निवडून गेले; पलीकडे मांडवी मतदारसंघातून छितुभाई गामीत अनेकदा गेले. दोघांच्या घरामधलं अंतर सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी जेवायला परत येण्याइतकं.

ही रेघ जुनी नाही. १ मे १९६०ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातली निझर, उच्छलकडची गावं तिकडे गेली. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. फलाटावरच्या एका बाकावर सीमेची रेघ रंगवलेली आहे. लोक दोन राज्यांत बसून फोटो काढतात. माणूस रेघेवर बसू शकतो, आडनाव मात्र बसू शकत नाही. त्याला 'वा' किंवा 'वे' यांतलं एक निवडावंच लागतं.

हे नुसतं व्याकरण नाही हे सांगण्यासाठी एक हकीकत सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, आडनाव वसावे. सरदार सरोवराच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं. काही कुटुंबं इकडे वसली, काही गुजरातेत. याच्या थोरल्या भावाला तिकडे जमीन मिळाली. तिकडच्या रेशनकार्डावर, मुलांच्या शाळेत, सगळीकडे वसावा झालं. इकडे याच्या मुलीला शिक्षणासाठी जमात वैधता प्रमाणपत्र लागलं. घरातल्या थोरल्यांचे कागद मागितले तर काकाचे कागद वसावा नावाचे. एका कचेरीत सांगितलं, हे दोन वेगळे लोक दिसतात. पोरीच्या प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर. तो माझ्याकडे आला, दारात चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमी दोन भाऊ का नाही?"

अनुसूचित जमातींची महाराष्ट्राची यादी काढून बघा. भिल्लांच्या नोंदीत शेवटी 'वसावा, वसावे' अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी छापलेली आहेत. ज्याने ती यादी केली त्याला हा 'वा' आणि 'वे' माहीत होता. तशीच गामीत, गामटा, गावित, मावची, पाडवी ही एकत्र नोंद. मी ती यादी, आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा (दोन्ही भाऊ आमच्याच शाळेत, दोघांच्याही पुढे बापाचं नाव एक, गाव एक, आडनाव वसावे) असं सगळं एका फाईलला लावून दिलं. पोरीचं काम झालं, पण सहाव्या दिवशी संध्याकाळी. तोवर त्या बापाने तीन रात्री एस.टी. स्टँडवर काढल्या होत्या. असो.

तर त्याच नोंदीत, वसावा-वसावेच्या वर, मला माझंच नाव दिसलं. भिल्ल गरासिया, डुंगरी गरासिया. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अबूच्या पायथ्याशी, सिरोहीत, उदयपूरच्या कोटड्याकडे, आणि गुजरातेत साबरकांठा-बनासकांठ्यात गरासिया नावाची आदिवासी जमात आहे. रजपूत आणि भिल्ल यांच्या मिसळीतून आम्ही झालो असं त्यांच्यातले पुष्कळ सांगतात. शब्द एकच. गरासवाला. कोणाला दिलेला घास, कोणी घेतलेला घास, कोणाच्या पूर्वजाने सोडलेला घास, कोण सांगणार? माझा एक ओळखीचा माणूस यादी बघून म्हणाला, "मास्तर, तुमचं तर काम झालं, नाव यादीत आहे, करा अर्ज!" मी त्याला सांगितलं की बाबा, शब्द सारखा म्हणून माणूस सारखा होत नाही. माझ्या बापाच्या नावावर बागायत होती आणि मला फी भरून शिकवलं. ज्याच्यासाठी ती यादी आहे त्याच्या ताटातला घास मी का घ्यावा? त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, हसला मात्र.

मग हा शब्द आणखी कुठे कुठे गेलाय ते पाहायचा नाद लागला. सौराष्ट्रात गिरासदार. तिथल्या राजघराण्यांच्या धाकट्या पात्या. १९४८मध्ये ती सगळी संस्थानं एकत्र होऊन सौराष्ट्र राज्य झालं, उच्छंगराय ढेबर मुख्यमंत्री झाले, आणि १९५१च्या जमीन सुधारणा कायद्याने गिरासदारी संपवली. कुळं मालक झाली. गिरासदार चवताळले. त्याच काळात भूपत नावाचा बहारवटिया तिथे माजला होता आणि गिरासदारांची त्याला फूस होती असं उघड बोललं जायचं. तो १९५२मध्ये पाकिस्तानात पळून गेला. माझ्या जन्माच्या आसपासची ही गोष्ट. म्हणजे माझ्या आडनावाचा लुटारूशी संबंध फक्त शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा नाही, चांगला माझ्या पाळण्यापर्यंत आलेला आहे!

भरूच, बडोद्याकडे आणखी एक शाखा. मोलेसलाम गरासिया. हे मुसलमान. जुने रजपूत, सुलतानांच्या काळात धर्म बदललेले, पण नावात गरास कायम. म्हणजे एकच शब्द अबूजवळ आदिवासी आहे, भरूचजवळ मुसलमान आहे, राजकोटजवळ दरबार आहे आणि तापीकाठी, शहाद्यात, दादर आणि ऊस पेरणारा शेतकरी आहे. आडनावावरून माणूस ओळखतो असं म्हणणाऱ्याला मी हा नकाशा दाखवीन.

नकाशावरून आठवलं. इंग्लंडात हे काम फार पूर्वी झालंय. हेन्री ब्रॉहम गप्पी नावाच्या एका डॉक्टराने १८९० साली तिथल्या आडनावांची घरं शोधणारं पुस्तक काढलं. त्याची युक्ती मला फार आवडली. शहरातली माणसं मोजायचीच नाहीत. शहरात कोणीही येतं. त्याने व्यापारी डिरेक्टऱ्यांमधून फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली, कारण शेतकरी आपली जमीन सोडून जात नाही. कोणतं नाव कोणत्या परगण्यात दाट, कुठे विरळ, ते त्यावरून निघालं. आता तिथे १८८१च्या शिरगणतीवरून संगणकावर नकाशे करतात. एखादं दुर्मिळ आडनाव दोन-तीन खेड्यांतच सापडतं.

आपल्याकडे अशी डिरेक्टरी कुठली? पण माझ्याकडे तिच्यापेक्षा चांगली वस्तू होती. लग्नपत्रिका! सौ. पत्रिका टाकून देत नाही. गणपतीचं चित्र असतं म्हणून केरात टाकता येत नाही, त्यामुळे माळ्यावर तीस-पस्तीस वर्षांच्या पत्रिकांचं पोतं. आमच्याकडच्या पत्रिकेत वर-वधूचं नाव लहान आणि आप्तेष्टांची यादी मोठी असते. आजोबा, काका, मामा, आतेभाऊ, प्रत्येकाच्या नावापुढे गाव. मी वही घेऊन बसलो. पहिला आठवडा सौ. हसली, दुसऱ्या आठवड्यापासून तीच वाचून दाखवायला लागली, कारण कोण कोणाचा कोण हे तिलाच ठाऊक.

निघालं ते असं. गिरासे म्हणजे तापी नदी. सारंगखेड्याच्या पुलावर उभे राहा. उत्तरेला शहादा, पुढे शिरपूर. दक्षिणेला दोंडाईचा, शिंदखेडा. पश्चिमेला नंदुरबारची काही गावं. या पट्ट्यात नाव दाट. सारंगखेडा म्हणजे दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो ते, आणि घोडेबाजाराच्या भोवतीच रजपुतांची गावं असावीत यात नवल नाही. पूर्वेकडे जळगाव जिल्ह्यात शिरलं की नाव एकदम पातळ होतं. रजपूत तिकडेही आहेत, पण ते 'राजपूत' लावतात, 'पाटील' लावतात, 'सिसोदे' लावतात. सातपुड्यात चढलं की संपलंच, तिथे पाडवी, वळवी, पावरा. आणि तापीच्याच काठाने रेल्वेत बसून पश्चिमेला गेलं की सुरतेत उधना, लिंबायतला पुन्हा दाट. पण ती माणसं पोटासाठी गेलेली. गप्पीसाहेबाने ती मोजली नसती. १९९०च्या पुढच्या पत्रिकांत मात्र त्यांची संख्या वाढत जाते आणि माझ्याच्याने ती गाळवली नाहीत.

दुसरी एक गोष्ट पत्रिकांतून निघाली. कितीतरी पत्रिकांत वरही गिरासे, वधूही गिरासे. आमच्याच लग्नात असं आहे. सौ.चं माहेरचं आडनाव गिरासे, सासरचं गिरासे. पेन्शनच्या कागदाला एका बाईंनी विचारलं होतं, "आजी, तुम्ही नाव बदललं नाही का?" सौ. म्हणाली, "बदललं की. बदलून तेच आलं." कारण गिरासे हे कुळ नाहीच. सिसोदिया, राठोड, जाधव असं कुळ आतमध्ये असतं, सोयरीक करताना ते पाहतात. वरून सगळे गिरासे. जसे सगळे पाटील, सगळे देशमुख, सगळे कुलकर्णी. हे कामाचं किंवा हक्काचं नाव आहे. कुलकर्ण्यांचं वतन १९५०च्या कायद्याने गेलं, पाटलांची पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली, आडनाव कोणी सरकारजमा केलं नाही. थोरल्याच्या कंपनीतल्या राजस्थानी मित्रांना हे कुळ ठाऊक नाही ते बरोबरच आहे. ते कुळ नाही.

आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात हे आडनाव किती जुनं? आजोबांचे जुने कागद काढले. त्यांत आडनावच नाही. अमुकसिंग वल्द तमुकसिंग, जात रजपूत. बस्. वडील पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा तिथल्या मास्तरने 'गिरासे' लिहिलं. काकांना दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं, तिथल्या मास्तरने 'राजपूत' लिहिलं. एका बापाची दोन मुलं, दोन आडनावं, आणि एकच विहीर. आजोबा वारल्यावर वारस नोंदीला त्या दोन आडनावांनी काय छळलं ते वडील मरेपर्यंत सांगायचे. माझ्या वसावे विद्यार्थ्याचं काम मी एवढं धावून का केलं, याचं कारण कोणी विचारलं नाही. ते हे होतं.

आमच्या नंदुरबारात आडनावांची सरमिसळ कधी नवी नव्हती. ९ सप्टेंबर १९४२ला माणिक चौकाकडे गोळीबार झाला, त्यात पाच मुलं गेली. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. मी दरवर्षी वर्गात ही पाच नावं फळ्यावर लिहायचो. मेहता म्हणजे गुजरातीत हिशेब लिहिणारा. वाणी म्हणजे दुकानदार. शहा तिकडचेच. केतकर कोकणातले. एवढ्याशा गावात, एका मिरवणुकीत, एका झेंड्याखाली. एका वर्षी एका मुलाने विचारलं होतं, "सर, यात आपला कोणी नाही का?" कोणता आपला, असं विचारल्यावर तो गप्प बसला. वर्ग पण गप्प बसला. त्या दिवशी मी धडा तिथेच थांबवला होता.

हे सगळं मी थोरल्याला एकदम सांगितलं नाही. फोनवर तो घाईत असतो. दिवाळीत आला तेव्हा वही पुढे ठेवली. त्याने दोन तास वाचली. मग म्हणाला, "म्हणजे आबा, लुटारू होते हे खरंच आहे." मी म्हटलं, "काही होते. काही धाकटे भाऊ होते. काहींनी दोन्ही केलं. सिसोदियांनी कधी कोणाचं गाव लुटलं नाही असं तुला कुठे लिहिलेलं सापडलं का?" त्यावर तो हसला. पण मग म्हणाला ते मला खोडता आलं नाही. म्हणाला, "तुमची गोष्ट ठीक आहे. तुम्ही तापीकाठी राहता. तिथे गिरासे म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही. मला रोज सांगावं लागतं, आणि माझ्याजवळ ही वही नसते."

नात आतल्या खोलीत होती. ती बाहेर येऊन म्हणाली की तिची दहावी, बारावी, डिग्रीची सगळी प्रमाणपत्रं गिरासे नावाची आहेत, पासपोर्ट पण, आणि ती काही बदलणार नाही. पप्पांना बदलायचं तर त्यांनी बदलावं. म्हणजे पुन्हा एका बापाच्या घरात दोन आडनावं. थोरला काही बोलला नाही. राजपत्राचा अर्ज त्याच्या संगणकात अर्धा भरून तसाच आहे, असं सूनबाईकडून कळतं. मीही विचारत नाही. पन्नाशीला टेकलेल्या मुलाला काय विचारायचं? तो वहीचे फोटो मात्र काढून घेऊन गेला, पान न् पान.

परवा शिंदखेडा तालुक्यातून एक पत्रिका आली. सौ.ने वाचून दाखवली, मी लिहून घेतलं. अकरा गिरासे निघाले. दहांची गावं वहीत आधीच होती. अकरावा वराचा चुलत मामा, गाव सिल्वासा. आता हा सिल्वासाचा गिरासे तिथे कसा पोचला, कारखान्यात आहे की शेती घेतली, ते दोंडाईच्याच्या व्याह्यांना विचारायचं आहे. त्यांचा फोन लागत नाहीये.